नॉयरमधले प्रेमसंवाद मराठीत आणताना: 'समजा', 'बेबी' आणि तू-तुम्ही

झाकोळ

एका छोट्या फिल्म क्लबसाठी तीन नॉयर, म्हणजे अंधाऱ्या छाया-प्रकाशातल्या अमेरिकी गुन्हेपटांची मराठी सबटायटल्स करायची आहेत: 'डबल इन्डेम्निटी' (१९४४), 'आउट ऑफ द पास्ट' (१९४७) आणि 'इन अ लोनली प्लेस' (१९५०). खून, पोलीस, विमा हा भाग सरळ उतरतो. गाडी अडते ती प्रेमाच्या बोलण्यात. प्रश्न असे:

१. 'डबल इन्डेम्निटी'त विमा एजंट वॉल्टर नेफ आणि गिऱ्हाइकाची बायको फिलिस डीट्रिकसन यांची पहिली भेट. गाडीची वेगमर्यादा, ट्रॅफिक पोलीस, असं काहीतरी बोलत दोघं एकमेकांना जोखतात. कच्चा मसुदा असा झालाय: "जर तुम्ही मोटारसायकलवरून खाली उतरून मला दंडाची पावती दिलीत तर?" "जर मी तुम्हाला या वेळी फक्त ताकीद देऊन सोडून दिलं तर?" अर्थात चूक नाही, पण वाचताना आरटीओचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. चावटपणा गेला कुठे?

२. इंग्रजीत सगळीकडे एकच 'यू'. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर कुठे यायचं?

३. नेफ तिला उठताबसता 'बेबी' म्हणतो. याचं काय करायचं?

४. एक सूचना अशी आली की आपल्या प्रेक्षकाला द्व्यर्थ कळणार नाही, थोडं उलगडून लिहा. लिहावं का?


अर्धाप्रकाश

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तीन त्यातच सुटतात. उलगडून अजिबात लिहू नका.

ही माणसं आडून बोलतात त्याचं एक कारण बाहेरचं आहे. पडद्यावर काय दाखवावं, काय नाही हे ठरवणारी हॉलिवूडची निर्मिती संहिता १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. १९६८ मध्ये रेटिंग पद्धत आली तेव्हा ती गेली. म्हणजे नॉयरचा सगळा सुवर्णकाळ तिच्याखालीच गेला. जेम्स एम. केन यांची 'डबल इन्डेम्निटी' ही कादंबरी १९३६ मध्ये 'लिबर्टी' मासिकात क्रमशः छापून आली. त्याआधीच ती स्टुडिओंकडे फिरली होती, पण ब्रीन यांनी १९३५ मध्येच तिला नकार कळवला होता. १९४३ मध्ये पॅरामाउंटने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा तीच गोष्ट बहुतांशी पास झाली. हरकती उरल्या त्या प्रेताची विल्हेवाट तपशिलात दाखवण्यावर, गॅस चेंबरच्या प्रसंगावर आणि फिलिसच्या टॉवेलवर. टॉवेल गुडघ्याखाली हवा, अशी सूचना होती. खुनापेक्षा गुडघा जड!

जाता जाता: 'चुंबन तीन सेकंदांहून लांब नको असा नियम होता' हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. संहितेच्या मजकुरात सेकंदांचा आकडा नाही. अतिरेकी आणि वासनायुक्त चुंबन दाखवू नये, एवढंच आहे. आकडा व्यवहारातून आला. 'नोटोरियस'मध्ये (१९४६) हिचकॉकने त्यातून वाट काढली ती अशी की कॅरी ग्रांट आणि इन्ग्रिड बर्गमन दोन-अडीच मिनिटं एकमेकांना बिलगून राहतात, ओठ मात्र पुन्हा पुन्हा सुटतात आणि मधल्या वेळात गप्पा होतात रात्रीच्या कोंबडीच्या. शिजवायची कुणी, खायची कुठे वगैरे.

दुसरं कारण आतलं आहे आणि तुमच्या कामाचं तेच. दिग्दर्शक बिली वायल्डरला सुरुवातीला केनचे संवाद जसेच्या तसे हवे होते. सहलेखक रेमंड चँडलरचं म्हणणं पडलं की केनचे संवाद डोळ्यासाठी लिहिलेत, कानासाठी नाहीत. नटांना बोलावून मोठ्यानं वाचून घेतलं, तेव्हा ते पडलेच. वेगमर्यादेचा प्रसंग कादंबरीत नाहीच, तो पटकथेत जन्मला. म्हणून तुमची प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं म्हणून बघा. डोळ्याला बरी वाटलेली ओळ जिभेला अडखळली की खोडा.

आता प्रसंगाची बांधणी बघा. पाया घालते ती फिलिस: राज्यात वेगाला मर्यादा आहे, ताशी ४५ मैल. तो विचारतो, मी किती वेगात होतो? ती म्हणते, नव्वदच्या आसपास. म्हणजे बरोबर दुप्पट. इथपर्यंत रूपक उभं राहिलं. मग येतात सहा 'सपोज'. तीन त्याचे, तीन तिचे, आळीपाळीने. प्रत्येक जण आधीच्याच्या शेवटच्या वस्तूला धरून पुढची वस्तू आणतो: पावती, ताकीद, ताकीद न लागणं, बोटांवर पट्टी, रडून खांद्यावर डोकं आणि सहाव्यात नवरा. नवरा आणते तीच. खेळ तिने मांडला आणि तिनेच मोडला. नेफला वाटतं आपण गळ टाकतोय, आणि प्रेक्षकाला तेवढ्यातच कळतं की दोर दुसऱ्या टोकाला आहे.

तुमच्या मसुद्यातला दोष इथेच आहे. 'जर... तर' लिहिलंत की प्रत्येक वाक्याला दोन टोकं होतात आणि 'तर?' प्रश्न बनून लोंबकळतो. मूळात प्रश्न नाहीत, चाली आहेत. सोंगट्या टाकल्यासारख्या. मराठीत त्याला तयार शब्द आहे: 'समजा'. तीन अक्षरी, वाक्याच्या सुरुवातीला बसणारा, पुढे भूतकाळ घेणारा. 'समजा, असं झालं.' बस.

बाकीचं भाषेचे जाणकार सांगतीलच. आणखी एक उदाहरण देऊन थांबतो, कारण प्रेमसंवाद मुद्दाम कसा 'वाढवला' जातो ते त्यात स्वच्छ दिसतं. 'द बिग स्लीप' १९४५ मध्येच पुरा होऊन परदेशातल्या अमेरिकी सैनिकांना दाखवला गेला होता. दरम्यान त्याची नायिका लॉरेन बकॉलच्या दुसऱ्या एका चित्रपटातल्या कामावर टीकेची झोड उठली. तिचे एजंट चार्ल्स फेल्डमन यांनी स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नर यांना पत्र लिहून मागणी केली की तिच्या 'टू हॅव अँड हॅव नॉट'मध्ये जो उद्धटपणा लोकांना आवडला तो इथेही हवा. १९४६ च्या सुरुवातीला काही दृश्यं नव्याने चित्रित झाली आणि ऑगस्टमध्ये चित्रपट लागला. घोड्यांच्या शर्यतीच्या भाषेत बोगार्ट आणि बकॉल एकमेकांना जोखतात तो प्रसिद्ध प्रसंग या नव्या चित्रणातला आहे. जुनी आवृत्ती १९९७ मध्ये लोकांपुढे आली. दोन्ही लागोपाठ बघितल्या की कळतं, नवीत गुन्ह्याचा उलगडा काही अंशी कापला गेलाय आणि चावटपणा वाढलाय. कथानक आधीच कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.


तिसरी घंटा

अर्धाप्रकाश यांनी पाया घातलाच आहे, मी ओळींवर येते.

'टिकेट'ला 'दंडाची पावती देणे' कुणी म्हणत नाही. पावती फाडतात. "समजा, मोटारसायकलवरून उतरून माझी पावती फाडलीत." यात 'फाडलीत' आहे म्हणून धारही येते. तिचं उत्तर: "समजा, या वेळी ताकीद देऊन सोडलं." त्याचं: "समजा, ताकिदीनं भागलं नाही." हे 'भागलं नाही' मुद्दाम. 'उपयोग झाला नाही' लिहिलं तर अर्थ तोच, पण भूक मेली. 'ऑफिसर'ला मात्र 'हवालदार' करू नका, लॉस एंजेलिस एकदम दादरला येईल. 'ऑफिसर'च ठेवा.

सहाव्या 'समजा'त वाक्यरचनेचा सापळा आहे. मराठी क्रियापद शेवटी जातं आणि ठोसा मध्येच पडतो: "समजा, तुम्ही माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवून बघण्याचा प्रयत्न केलात." नवरा पाचव्या शब्दाआधीच येऊन गेला, उरलेलं वाक्य त्याच्या मागे फरफटत चाललंय. खांदा आधीच्या ओळीत येऊन गेलाय, तेव्हा डोकं, टेकवणं, प्रयत्न हे सगळं गाळा: "समजा, खांदा माझ्या नवऱ्याचा बघितलात." पुढची नेफची ओळ इंग्रजीत तीन शब्दांची आहे, मराठीत एकच पुरतो: "झालं."

'माझे मिस्टर' असं लिहायचा मोह होईल, कारण मध्यमवर्गीय बोलण्यात ते सहज येतं. पण ती त्याला 'मिस्टर नेफ' म्हणतेय. एकाच प्रसंगात दोन मिस्टर झाले तर हशा पिकेल, तोही चुकीच्या जागी. 'नवरा'च हवा, कोरडा.

याच भेटीत त्याआधी विम्याचं द्व्यर्थी वाक्य आहे. ती उन्हात पडून आलेली, टॉवेल गुंडाळून जिन्यावर उभी; हा खाली गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण घेऊन आलेला. गाडीचं काही झालं आणि तेव्हा तुम्ही 'पूर्ण कव्हर्ड' नसलात तर, असं तो किंचित अडखळत म्हणतो. 'विमासंरक्षण' लिहिलंत की विनोद मेला. आपल्याकडे विमा एजंटसुद्धा 'कव्हर'च म्हणतात आणि पुस्तकाला घालतो तेही कव्हरच. "आणि तेव्हा... पुरतं कव्हर नसलं तर." टिंबं ठेवा, तो थांबलेला आहे.

निरोपाच्या वेळची जोडओळ शब्दशः केली तर गुंता होतो, कारण 'वंडर' या एका क्रियापदावर ती फिरते. मराठीत 'कळणे' फिरवा. ती: "तुमचा रोख कुठे आहे, कळत नाही मला." तो: "कळत नाही, हे मला काही कळत नाही."

आता तू-तुम्ही. इंग्रजीत जवळीक मोजायची पट्टी म्हणजे नाव. 'मिस्टर नेफ'चा 'वॉल्टर' होतो तिथे दार उघडतं. 'टू हॅव अँड हॅव नॉट'मध्ये तर बकॉल बोगार्टला 'स्टीव्ह' म्हणते आणि तो तिला 'स्लिम', दोघांपैकी कुणाचंही खरं नाव ते नाही. टोपणनाव हाच त्यांचा एकेरीपणा. आपल्याकडे हे काम सर्वनामाला करू द्या. 'डबल इन्डेम्निटी'त जागा स्पष्ट आहे: फिलिस रात्री त्याच्या फ्लॅटवर येते ती भेट. दारातून आत येताना दोघंही 'तुम्ही'. मिठीपर्यंत 'तुम्ही' चालू शकतं. मिठीनंतरचं पहिलं वाक्य 'तू'. एकदा आलात की परत जाऊ नका, एक अपवाद सोडून. तिसऱ्या माणसासमोर, म्हणजे नवरा किंवा सावत्र मुलगी लोला खोलीत असताना, ते पुन्हा 'तुम्ही' म्हणतील. इंग्रजीत हा लपवाछपवीचा धागा नावांपुरताच दिसतो, मराठीत प्रत्येक क्रियापदात दिसेल. इथे मराठी मूळावर मात करते.

'अहो' मात्र पूर्णपणे टाळा. मराठी कानाला 'अहो' ही बायकोची हाक आहे. फिलिसने नेफला 'अहो' म्हटलं की दुसऱ्या रिळातच लग्न लागलं.


झाकोळ

'पावती फाडलीत' आणि 'झालं' दोन्ही घेतलं. 'बेबी'चं राहिलं. 'गं' वापरून बघितलं: "वेडा झालोय गं तुझ्यासाठी." चालेल?


तिसरी घंटा

चालेल, पण अख्ख्या चित्रपटात चार-पाच वेळाच. 'बेबी' पडद्यावर ऐकू येतोच, तो वाचायला लागत नाही. शिवाय मराठीत बेबी म्हणजे कुणाची तरी बेबीमावशी. गाळा आणि जिथे त्याचा आवाज मऊ पडतो तिथेच 'गं' द्या.


खिडकीपट्टी

'गं'ला माझा विरोध. 'गं' आला की माजघर आलं. नेफचा 'बेबी' मऊ नाही, तो हात टाकल्यासारखा आहे. विमा विकणारा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाशी लगट करतो, तीच सवय. पूर्ण गाळून त्या जागी वाक्य आखूड करा. "वेडा झालोय तुझ्यासाठी." एवढ्यात सगळं आहे. 'गं' जपून ठेवा 'आउट ऑफ द पास्ट'साठी, तिथला माणूस वेगळा आहे.

मी मुख्यतः तांत्रिक बाजूचं सांगायला आलोय, कारण वरचे सगळे शब्द बरोबर असूनही पडद्यावर फसू शकतात.

या चित्रपटांची चौकट १.३७:१ (रुंदी:उंची) आहे, जवळजवळ चौकोनी. आजच्या १६:९ पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. नेहमीच्या लांबीची ओळ टाकलीत तर टोकं काळ्यात जातात आणि नजर चेहऱ्यावरून निसटते. ओळ चित्राच्या रुंदीतच बसवा, साधारण ३० ते ३४ खुणा, जास्तीत जास्त दोन ओळी.

खुणा मोजताना सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ते युनिकोडचे तुकडे मोजतं. 'स्त्री' तुम्हाला एक अक्षर दिसतं, त्याला सहा: स, पाय मोडणारी खूण, त, पुन्हा पाय मोडणारी खूण, र आणि वेलांटी. त्यामुळे वाचनवेगाचा इशारा मराठीत उगाच लाल होतो. इशारा बंद करा आणि घड्याळ लावून स्वतः वाचून बघा.

'समजा'ची साखळी: प्रत्येक ओळ स्वतंत्र टायटल. डॅश देऊन दोघांच्या ओळी एकाखाली एक टाकल्या तर प्रेक्षक उत्तर आधी वाचतो आणि मग ऐकतो. लहानात लहान टायटल २० फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या ५/६ भागाइतकं, आणि दोन टायटलमध्ये किमान २ फ्रेम मोकळ्या. 'झालं' साठी २० फ्रेम पुरतात. त्यावर जास्त रेंगाळू देऊ नका.

नॉयरची खास अडचण पुढे आहे. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांतून पडणारा उजेड भिंतीवर आणि माणसांवर पांढऱ्या आडव्या रेघा काढतो. आणि आपल्या लिपीला वर आडवी शिरोरेखा! पांढरी अक्षरं बारीक कडेसह टाकलीत तर शिरोरेखा त्या रेघांत विरघळते आणि खाली नुसते काने लोंबतात. उपाय: फिकट पिवळा रंग, काळी कडा नेहमीच्या दीडपट, आणि डीट्रिकसन यांच्या बैठकीच्या खोलीतल्या प्रसंगांना मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी. फॉन्ट जाड वजनाचा घ्या, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी.

फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. तरी काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे टाकतात. दुसऱ्याच्या प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर सबटायटल्स चित्रातच छापून घ्या. एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन सबटायटल्स छापायला लिबास वापरतं आणि लिबास अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. तपासायला एकच वाक्य ठेवा, ज्यात 'र्‍या', 'स्त्री', 'कृ' आणि 'द्ध' चारही आहेत. ते नीट दिसलं की बाकीचं दिसतं.


झाकोळ

शिरोरेखेचं लक्षातच आलं नव्हतं! आता बाकीच्या दोन चित्रपटांबद्दल. 'आउट ऑफ द पास्ट'मध्ये समुद्रकिनाऱ्यावर कॅथी विचारते, मी पैसे घेतले नाहीत, तुझा विश्वास नाही का? त्यावर नायक जेफ "बेबी, आय डोन्ट केअर" म्हणतो. 'मला पर्वा नाही' तुटक वाटतं, 'मला फरक पडत नाही' हिंदीतून आल्यासारखं. आणि 'इन अ लोनली प्लेस'मध्ये ग्रेपफ्रूटसाठी 'पपनस' लिहिलं तर चालेल का?


अर्धाप्रकाश

आधी कॅथी. व्हिट या गुंडावर गोळी झाडून ४०,००० डॉलर घेऊन ती पळाली, असा आरोप आहे, आणि खाजगी गुप्तहेर जेफला त्यासाठीच तिच्या मागावर पाठवलंय. अकापुल्कोच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या शेजारी ती पैशाचं नाकारते. त्याचं उत्तर 'विश्वास आहे' किंवा 'नाही' यांपैकी काहीच नाही. तो प्रश्नच बाजूला सारतो. म्हणून उत्तरात पर्वा, फरक, विश्वास असला कुठलाही शब्द नको. "असू दे." खिडकीपट्टी यांनी राखून ठेवलेला 'गं' इथे वापरा: "असू दे गं." घेतले असतील तरी असू दे, नसतील तरी असू दे. मग चुंबन. जेफ झालेल्या रॉबर्ट मिचमचा आवाज इथे जवळजवळ झोपेत असल्यासारखा आहे, त्याला दोनच शब्द झेपतात.

या चित्रपटात एकमेकांना मिळालेली उत्तरं नेहमी प्रश्नापेक्षा आखूड असतात. जुगाराच्या टेबलावर ती विचारते, जिंकायचा काही मार्ग आहे का? तो म्हणतो, सावकाश हरायचा आहे. "जिंकायला काही युक्ती?" "सावकाश हरायची आहे." एवढंच. 'हळूहळू हरण्याचा मार्ग मात्र उपलब्ध आहे' असं करू नका. आणि उलट दिशेची चूकही टाळा: बाबुराव अर्नाळकरी थाट. 'हा: हा:! सुंदरी!' हा बाज झुंजार आणि काळा पहाड यांना शोभतो, मिचमला नाही. तो उद्गारचिन्ह कधीच वापरणार नाही. तुमच्या फाइलमध्ये जेफ बेलीच्या ओळींतलं प्रत्येक उद्गारचिन्ह शोधून काढून टाका.

ग्रेपफ्रूटचं 'पपनस' करू नका. नातं आहे, ग्रेपफ्रूट पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलं. पण पपनस आपण हाताने सोलून फोडी खातो. ग्रेपफ्रूट आडवं अर्धं कापतात आणि फोडी सोडवायला त्याची एक खास सुरी येते, जिचं पातं टोकाशी मुद्दाम वाकवलेलं असतं. नायक डिक्सन स्टील त्याची शेजारीण आणि प्रेयसी लॉरेलसाठी न्याहारी करतोय. त्याला वाटतं सुरी वाकलीय, म्हणून तो ती सरळ करून टाकतो. हे वाकडं पातं प्रेक्षकाला माहीत असायला हवं, एरवी त्या हाताच्या हालचालीचा अर्थ लागत नाही. शब्द 'ग्रेपफ्रूट'च ठेवा आणि लॉरेलच्या ओळीत 'ती वाकडीच असते' इतकं स्पष्ट होऊ द्या. उलगडून लिहू नका असं मीच वर म्हटलं, पण ते द्व्यर्थाबद्दल. वस्तू कळलीच पाहिजे.

कारण लगेच पुढे तो, व्यवसायाने पटकथाकार, चांगल्या प्रेमप्रसंगाची व्याख्या सांगतो: प्रेमप्रसंग प्रेमाखेरीज दुसऱ्याच कशाबद्दल तरी असावा. उदाहरण म्हणून हाच प्रसंग देतो. मी ग्रेपफ्रूट कापतोय, तू तिथे अर्धवट झोपेत बसलीयस, बघणाऱ्याला कळेल की आपण प्रेमात आहोत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चित्रपटानेच देऊन ठेवलंय. फक्त एक खोच आहे. लॉरेल अर्धवट झोपेत आहे ती झोपेच्या गोळ्यांमुळे, आणि गोळ्या घेतल्यात त्या त्याच्याच भीतीने. त्याने खून केला असावा, हा संशय तिच्या मनात घर करून बसलाय. बघणाऱ्याला प्रेम दिसतं ते डिक्सनच्या वाक्यात. लॉरेल झालेल्या ग्लोरिया ग्रॅहमच्या चेहऱ्यावर वेगळंच चाललंय. म्हणून त्याच्या ओळी गोड करू नका, साध्या गप्पांच्या लयीत ठेवा. 'आपण एकमेकांवर प्रेम करतो' नको. "कुणीही ओळखेल, प्रेमात आहेत दोघं." आणि तिच्या उत्तरांत कुठेही 'प्रेम' शब्द शिरू देऊ नका.

या जोडीचं तू-तुम्ही सोपं आहे, शेजारी आहेत, लवकर 'तू'वर येतात. शेवटी मात्र एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. त्याने आपल्या पटकथेसाठी रचलेल्या तीन ओळी आहेत: तिने चुंबन घेतलं तेव्हा जन्मलो, सोडून गेली तेव्हा मेलो, प्रेम केलं तेवढे काही आठवडे जगलो. शेवटी त्यातलं जगण्याचं वाक्य लॉरेल म्हणते, आणि मराठीत क्रियापद बदलावंच लागतं: 'जगलो'चं 'जगले'. इंग्रजीत क्रियापद जसंच्या तसं राहतं, फक्त 'शी'चं 'यू' होतं. म्हणून पहिल्यांदा येतं तेव्हा शब्दांचा क्रम अगदी पक्का बसवा, म्हणजे दुसऱ्यांदा जेवढं बदललं तेवढंच कळेल.


खिडकीपट्टी

पुनरावृत्तीवरून: 'डबल इन्डेम्निटी'त असेच दोन दोरे आहेत, ते सुटू देऊ नका. फिलिस आणि वॉल्टर एकमेकांना वचन देतात 'स्ट्रेट डाउन द लाइन'. नंतर नेफच्याच विमा कंपनीत दावे तपासणारा कीज, काहीच माहीत नसताना, खुनी जोडीबद्दल म्हणतो की ते दोघं एकाच ट्रॉलीत (ट्राममध्ये) बसलेत, एकटं उतरता येत नाही, लाइनच्या टोकापर्यंत जावंच लागतं आणि शेवटचा स्टॉप दफनभूमी. 'लाइन' दोन्हीकडे आहे. प्रेमिकांसाठी "आता शेवटपर्यंत" आणि कीजसाठी "शेवटपर्यंत जावंच लागतं" ठेवलंत तर दोर टिकतो. 'स्मशान' नको, तिथे पुरतात.


तिसरी घंटा

आणि दुसरा दोर म्हणजे 'आय लव्ह यू टू'. नेफ हे फिलिसला म्हणत नाही, कीजला म्हणतो. एकदा सुरुवातीला थट्टेत आणि एकदा अगदी शेवटी. "माझंही तुमच्यावर प्रेम आहे" हे मराठीत कुणी थट्टेत म्हणत नाही, गंभीरपणेही फारसं नाही. आपण ते इंग्रजीतच म्हणतो. दोन्ही ठिकाणी देवनागरीत "आय लव्ह यू टू, कीज" ठेवा, एका काना-मात्रेचाही फरक न करता.

त्याआधीच्या दोन ओळी: नेफ म्हणतो, तुला हवा होता तो माणूस फार जवळ होता, टेबलापलीकडेच. कीज: "त्याहून जवळ, वॉल्टर." दोघांचं आपसातलं सर्वनाम इथे ठरतं. नेफने कीजसाठी डिक्टाफोनवर (आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) केलेलं निवेदन १६ जुलै १९३८ च्या ऑफिस मेमोसारखं सुरू होतं, म्हणून सुरुवातीला 'तुम्ही' लिहायचा मोह होईल. पण नेफ त्याला नुसतं आडनावाने हाक मारतो. पहिल्या वाक्यापासून 'तू' करा. चित्रपटभर कीजच्या सिगारला काडी लावतो नेफ, नखाने पेटवून. शेवटी काडी कीजच्या हातात असते. त्या वेळी पडद्यावर एकही अक्षर नको, 'आय लव्ह यू टू' त्याआधीच पुसलं गेलेलं हवं.


झाकोळ

नेफ-कीज 'तुम्ही'वर होते, बदलते. उद्गारचिन्हं मोजली: जेफ बेलीच्या तोंडी १९ सापडली. काढतेय.